खर्च कोणाच्या नावावर?

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराचा हिशेब ७५ सेंटनी जुळेना. तिथे संगणक वापरल्याचा खर्च ज्याच्या त्याच्या नावावर टाकला जाई; हा एवढा वापर मात्र कोणाच्याच खात्यावर लागत नव्हता. मूळचे खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल तो फरक शोधायला बसले आणि माग काढत काढत पोचले ते पश्चिम जर्मनीतल्या, सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकणाऱ्या एका हॅकरपर्यंत.

हेरकथा म्हणून ही हकीकत गाजली. मला त्यातला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसर आणि मेमरी वाटून देते, हे आपण जाणतो. दिलेलं कोणी वापरलं, हे लिहून ठेवणं त्याहून अवघड आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही.

प्रोसेसरचा वेळच घ्या. जुनी रीत अशी, की सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा घड्याळाचा ठोका पडायचा आणि त्या क्षणी जो प्रोग्राम चालू सापडेल, त्याच्या नावावर अख्ख्या ठोक्याचा वेळ लागायचा. ठोका पडायच्या जरा आधी बाजूला होणारा प्रोग्राम सहीसलामत सुटायचा. साधा वापरकर्तासुद्धा या फटीतून जवळजवळ सगळा प्रोसेसर बळकावू शकतो, हे २००७ मध्ये डॅन त्साफ्रिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवलं. त्याच वर्षी लिनक्समध्ये इंगो मोल्नार यांचा नवा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा भाग, आला. प्रोग्राम किती धावला, ते तो नॅनोसेकंदांत मोजू लागला.

तरी एक प्रश्न उरलाच. सर्व्हरवरची एक सेवा म्हणजे एक प्रोसेस, म्हणजे एकच चालू प्रोग्राम, नव्हे. तिच्या पोटी डझनावारी प्रोसेस जन्मतात आणि मरतात. त्या सगळ्यांचा मिळून खर्च लिहायचा कुठे? गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये यात हात घातला: प्रोसेसचे गट करायचे आणि खर्च गटाच्या नावावर टाकायचा. ‘कंट्रोल ग्रुप’, बोलताना सीग्रुप, ही सोय जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीत आली. मेमरीचा हिशेब पुढच्याच आवृत्तीत आला. त्याचं काम आयबीएमच्या बंगळूरच्या केंद्रातल्या बलबीर सिंग यांनी पुढे नेलं होतं. कंटेनर चालवणारे डॉकर आणि कुबरनेटिस आज याच पायावर उभे आहेत.

मेमरीचा हिशेब मला सगळ्यांत गुंतागुंतीचा वाटतो. मेमरी साधारणपणे ४ केबीच्या पानांत विभागलेली असते. दोन गटांनी एकच फाइल वाचली, तरी मेमरीत तिची प्रत एकच. तिचा खर्च कोणाचा? लिनक्सचं उत्तर रोखठोक आहे: पानाला ज्याने पहिला हात लावला, त्याचा. वाड्यातल्या सामायिक नळाचं सगळं बिल सकाळी पहिली तोटी उघडणाऱ्याने भरावं, तसाच हा प्रकार. न्याय्य नाही, पण पर्यायही महागडा आहे. ६४ जीबीच्या सर्व्हरवर अशी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पानं असतात. प्रत्येक पानाचे सगळे वाटेकरी टिपत बसलं, तर हिशेबच मेमरी खाऊन टाकेल. म्हणून ही तडजोड मला पटते. तिचीही किंमत आहेच. गट बंद केला, तरी त्याच्या नावावरची पानं मेमरीत राहिली तर खातं मिटत नाही. अशी अर्धमेली खाती किती साचली आहेत, याचा आकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेगळा दाखवतं.

प्रोसेसरच्या मर्यादेत फसगत निराळी. समजा, एखाद्या गटाला दर १०० मिलिसेकंदांत ५० वापरायची मुभा दिली. त्यासाठी एका फाइलीत दोन आकडे लिहिले की झालं. प्रोग्रामचे दहा थ्रेड दहा कोअरवर एकदम धावले, तर तो कोटा ५ मिलिसेकंदांत संपतो. उरलेली ९५ मिलिसेकंदं सगळे ताटकळत राहतात. इकडे वापराचा आलेख अर्धा कोअर दाखवतो, मशीन निवांत वाटतं आणि ग्राहक मात्र वेबपान उघडायची वाट बघत असतो.

मशीनवरचा भार सांगणारा ‘लोड ॲव्हरेज’ हा आकडाही इथे फारसा कामाला येत नाही. लिनक्समध्ये त्यात डिस्कसाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दुखणं कुठलं ते कळत नाही. या सगळ्यावर मला सापडलेलं सर्वांत शहाणं उत्तर फेसबुकमधल्या योहानेस वाइनर यांचं आहे, डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीतलं. त्यांनी खर्चाऐवजी खोळंबा मोजला. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत मेमरी, प्रोसेसर किंवा डिस्कपायी काम किती टक्के वेळ अडलं, हे आकडे कर्नल सरळ लिहून देतं. त्यांतला ‘सम’ (some) म्हणजे निदान एक काम अडलं, ‘फुल’ म्हणजे सगळीच अडली.

एरवी मेमरी संपली की कर्नल ढोबळमानाने सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारून टाकतं आणि पुष्कळदा ती नेमका डेटाबेस निघते, ज्याच्यासाठी सर्व्हर घेतला तोच. खोळंबा आधी कळला, तर कोणाला थांबवायचं हे सवडीने ठरवता येतं. फेसबुकने त्यासाठी ‘ऊमडी’ हा प्रोग्राम लिहिला. अँड्रॉइड १० पासून फोनमध्येही, मेमरी कमी पडल्यावर मागचं ॲप बंद करणारी सेवा याच आकड्यांवर लक्ष ठेवू शकते.