फोटोतले काय कापावे, काय ठेवावे

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अलियाच्या वेळी मुंबईहून, पुण्याहून किंवा कोकणातल्या गावाहून आणलेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखादा फोटो असतो. वर्षानुवर्षे तो कपाटात पडून राहतो आणि एक दिवस एकदम त्याची गरज लागते. नातीला शाळेत ‘अवोदात शोराशीम’ करायची असते, म्हणजे कुळाची माहिती व चित्रे गोळा करून मांडायची असतात. किंवा अझकारासाठी आईचा एकटीचा फोटो मोठा करून हवा असतो. आईचा एकटीचा फोटो बहुधा नसतोच. असतो तो अकरा माणसांचा, त्यात आई मागच्या रांगेत. मग घरातले कोणीतरी म्हणते, “त्यातली आई तेवढी कापून घेऊ.” हे काम आता मोबाइलवर दोन मिनिटांत होते. म्हणूनच ते कसे करावे आणि कुठे थांबावे, हे जरा सविस्तर सांगतो.

कात्री मूळ फोटोला लावायची नाही, हे आधी सांगून टाकतो. पूर्वी लॉकेटमध्ये बसवायला लोक चेहरा गोल कापून घेत, आणि आल्बममध्ये भोक पडलेला फोटो राही. आज कापाकापी फक्त नकलेवर करावी. नक्कल घेण्यासाठी फोटो स्कॅन करणे उत्तम. फोटो फ्रेममध्ये असून काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नका. चित्राचा थर काचेला राहतो आणि हातात नुसता कागद येतो. अशा वेळी काचेसकट, दिवसा, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलने फोटो घ्यावा. काचेत आपलेच प्रतिबिंब दिसत असेल तर फोन धरणाऱ्याच्या मागे कोणाला तरी काळी चादर धरून उभे करावे.

स्कॅन करणाऱ्या दुकानदाराला आकडा सांगायला विसरू नका. समूहफोटोत एका माणसाचा चेहरा साधारण एक सेंटिमीटरचा असतो. तो इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला तर चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम २३६ ठिपके येतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे तो चेहरा दोन सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ छापला जाईल. १२०० ने स्कॅन केला तर चार सेंटिमीटरपर्यंत. जुन्या स्टुडिओचे फोटो मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून त्याच मापात छापलेले असत, त्यामुळे त्यांत बारकावा भरपूर असतो आणि १२०० चा उपयोग होतो. वर्तमानपत्रात छापून आलेल्या चित्राला मात्र कितीही आकडा लावा, ठिपक्यांपलीकडे काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवलेला फोटोही बारीक होऊन येतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा.

आता कापायचे काय? माणसाची नजर फोटोत काही ठिकाणी आपोआप जाते: सगळ्यांत उजळ जागेकडे, लाल रंगाकडे, अक्षरांकडे आणि दुसऱ्या चेहऱ्याकडे. यांपैकी काही चेहऱ्याच्या आसपास, विशेषतः कडेला असेल तर पाहणाऱ्याचे लक्ष उडते. आपल्याकडचे नमुने सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. गच्चीवर काढलेल्या फोटोत आजोबांच्या डोक्यातून ‘दूद शेमेश’ची पांढरी टाकी उगवलेली असते. मेंदीच्या फोटोत नवरी सुंदर, पण पुढे टेबलावर कोलाच्या बाटल्यांची रांग आणि डावीकडे कोणाचे तरी कोपर. ही कोपरे आणि बाटल्या खुशाल कापाव्यात. त्यांचे कोणालाही काही वाटत नाही.

कापताना रेघ कुठे येते हे पाहावे. मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यावर रेघ आली की हात किंवा पाय तोडल्यासारखा वाटतो. छातीच्या मध्यावर किंवा कंबरेच्या थोडे वर कापले तर वाटत नाही. डोक्यावर थोडी मोकळी जागा ठेवावी. माणूस एका बाजूला पाहत असेल तर त्या बाजूला जास्त जागा सोडावी, नाहीतर तो भिंतीकडे पाहतोय असे दिसते. इथल्या दुकानांत १० बाय १५ सेंटिमीटरची प्रत सर्वसाधारण असते. कापण्याआधीच ते माप निवडले तर छापताना दुकानदार पुन्हा डोके किंवा हात कापत नाही.

खरी अडचण येते ती खांद्यावरच्या हाताची. समूहातून एक माणूस वेगळा काढला की शेजाऱ्याचा हात खांद्यावर उरतो. तो नकोसा दिसतो, म्हणून नातवंडे बोटाने घासून पुसून टाकतात. पुसण्याआधी विचारा, हा हात कोणाचा? तो काकांचा असेल, आणि त्या काकांचा दुसरा फोटोच नसेल. माझे मत असे की भिंतीवर लावायच्या प्रतीत हात पुसायला हरकत नाही, पण शोराशीमच्या वहीत अख्खा समूह लावावा आणि आईभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ करावे. तिथे आई कोणाच्या शेजारी उभी होती हीच तर माहिती आहे. पुठ्ठ्याच्या खाली छापलेले स्टुडिओचे नाव व गाव हेही अनेकजण ‘मधेमधे येते’ म्हणून कापतात. कुटुंब त्या साली कुठे राहत होते, याचा कधीकधी तेवढाच पुरावा उरलेला असतो. दाराच्या चौकटीवरची मेझुझा मोबाइलच्या पुसण्याच्या साधनाला भिंतीवरचा डाग वाटू शकते. ती गेली नाही ना, हे पाहून घ्या.

असे फेरफार आजचे नाहीत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. १८५६ साली मुंबईत काढलेला, मिशन शाळेतल्या व ज्यू इंग्लिश स्कूलमधल्या बेने इस्राएल शिक्षकांचा समूहफोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच काळात मुंबईत काम करणाऱ्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत त्याने एकीकडे काढलेल्या माणसांच्या आकृती दुसरीकडच्या देखाव्यांवर बसवल्या होत्या. म्हणजे मागची इमारत पाहून “हे लोक इथे उभे होते” असे म्हणता येत नाही.

स्टुडिओतला रिटचिंग करणारा कारागीर काचेच्या निगेटिव्हवर काम करी. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक दिसते. तिच्यावर आधी एक खास रोगण लावून अणकुचीदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले की छापताना ती फिकी होई. उलट, जिथे नको तितकी चमक असे तिथे निगेटिव्हचा थर चाकूच्या टोकाने हलकेच खरवडत. याला कारणही होते. त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे चेहऱ्यावरचा लालसर डाग काळाकुट्ट येई. चांगला कारागीर तेवढेच सुधारी आणि थांबे. काही मात्र गिऱ्हाइकाला खूश करायला रंग उजळवत आणि सुरकुत्या साफ करत. म्हणून जुन्या फोटोत पणजी फारच गोरी आणि गुळगुळीत दिसली तर फोटोवर पूर्ण विश्वास ठेवू नये.

आज तेच मोबाइल करतो, पण कारागिराइतका विचार न करता. धूळ, ओरखडे, घडीची रेघ, वाळवीने खाल्लेला कोपरा हे नकलेत जरूर दुरुस्त करावे, कारण ते माणसाचे नव्हेत, कागदाचे आहेत. कपाळावरचा व्रण, तीळ, वाकडा दात मात्र राहू द्यावा. आणि ‘अस्पष्ट फोटो स्पष्ट करा’ म्हणणाऱ्या ॲपपासून सांभाळा. जे डोळे मूळ फोटोत नीट उमटलेलेच नाहीत ते यंत्र कुठून आणणार? ते हजारो दुसऱ्या लोकांचे डोळे पाहून अंदाजाने नवे डोळे काढते. चेहरा सुरेख दिसतो, पण तो आईचा नसतो. आपण आईला पाहिले आहे, म्हणून आपल्याला फरक कळतो. पणतवंडांना तो कळणार नाही. त्यांच्या दृष्टीने भिंतीवर टांगलेला तोच चेहरा आजीचा.

हिब्रू भाषेत लावलेल्या फोनमध्ये फोटो उघडून ‘अरिखा’ दाबा, मग ‘खितूख’ म्हणजे कापणे. शेवटी जतन करताना ‘ओतेक’ म्हणजे नक्कल हा शब्द शोधा, म्हणजे आधीचा फोटो जागच्या जागी राहतो. कापलेल्या नकलेच्या नावात ‘कापलेला’ असे लिहून ठेवा. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. नावे आठवत नसतील तर त्या पिढीतले जे कोणी लोदला, अश्दोदला, दिमोनाला किंवा मुंबईला असतील त्यांना या आठवड्यातच फोन करा. कापाकापी पुढच्या महिन्यात केली तरी चालेल.