पुरानंतरची ओल

झाशीची सुभेदारी ज्या नेवाळकर घराण्याकडे होती, ते घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. पेशवाईच्या काळात कोकणातून आणि देशावरून बुंदेलखंडात गेलेल्या कुटुंबांनी आपली भाषा नेली, देवघर नेले, सणवार नेले. एक गोष्ट मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही, ती म्हणजे कोकणची ओल. झाशीजवळच्या बिजौलीत वैशाखाच्या दुपारी फरशी धुवावी, तर पुसणे हाती घेईपर्यंत ती वाळलेली असते. कोटला आषाढात दोरीवर टाकलेला पंचा तिसऱ्या दिवशीही दमटच राहतो आणि वर त्याला कुबट वास येऊ लागतो. पाणी तेच, कापडही तेच. फरक आहे तो हवेचा. पुरात बुडालेले घर पुन्हा राहण्याजोगे करावयाचे, तर प्रथम हा फरक नीट समजून घेतला पाहिजे.

हवेत पाण्याची वाफ किती मावेल याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा उष्णतेबरोबर वाढते. सत्तावीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ मावते. बेचाळीस अंशांच्या हवेत ५६ ग्रॅम. कोकणात जुलैमध्ये हवेचे तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास आणि आर्द्रता नव्वद टक्के धरली, तर त्या २६ ग्रॅमांपैकी २३ ग्रॅमांहून अधिक जागा आधीच भरलेली असते. उरते ती अडीच ग्रॅमांची. बिजौलीच्या मे महिन्यातील हवेत, आर्द्रता वीस टक्के धरल्यास, सुमारे ४५ ग्रॅमांची जागा मोकळी असते. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घेतली, तर त्या खोलीतील हवा बिजौलीला दीड लिटर पाणी पिऊ शकेल, आणि कोकणात जेमतेम अर्धी वाटी. बुंदेलखंडातही पावसाळा असतो आणि तेव्हा तेथेही भिंती ओलावतात हे खरे. पण तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो. कोकणात तो चार महिने घरचाच होऊन बसतो.

२२ जुलै २०२१ रोजी वासिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि अनेक ठिकाणी तळमजले संपूर्ण बुडाले. त्याच पावसात सावित्रीच्या काठी महाडचीही तीच गत झाली. चिपळूणला हा अनुभव नवा नव्हता. २६ जुलै २००५ च्या महापुराची खूण अनेक भिंतींवर होती. सह्याद्रीवरून वेगाने उतरणारे पाणी आणि खाडीतून वर चढणारी भरती यांच्या मधोमध हे शहर वसलेले आहे. वरचे पाणी येते आणि खालचे त्याला वाट देत नाही.

पूर ओसरला की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रथम येतो तो चिखल. तो उपसणे हे भयंकर कष्टाचे काम असते आणि शेजारीपाजारी, गावोगावचे स्वयंसेवक ते करतात. चिखल निघाला, फरशी धुतली, फिनेलचा वास दरवळला, म्हणजे घर स्वच्छ झाले असे वाटते. वस्तुतः तेव्हा फक्त दिसणारे पाणी गेलेले असते. न दिसणारे पाणी भिंतीत उभे असते. ते किती असावे? वर सांगितलेल्या खोलीची बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एकच भिंत घेऊ. ती नऊ इंच जाडीची विटांची असेल, तर तिचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते. विटांनी आपल्या वजनाच्या दशांशाइतकेच पाणी शोषले असे धरले, तरी ते साडेचारशे लिटर होते, म्हणजे तीस बादल्या. जुन्या कोकणी घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात आणि त्याहून जाड असतात. जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण त्याची भोके काही बुजत नाहीत. आता हे तीस बादल्या पाणी अर्ध्या अर्ध्या वाटीने बाहेर काढावयाचे आहे. पाच हजार वेळा खोलीतील हवा बदलावी तेव्हा हिशेब जुळतो, आणि तोही प्रत्येक वेळी हवा पुरती तृप्त होऊन गेली तरच.

शिवाय आतले पाणी पृष्ठभागापर्यंत आपल्या चालीने येते. त्याला घाई करता येत नाही. बांधकामाच्या व्यवहारात एक ठोकताळा सांगतात, की वाळण्यास योग्य हवा असताना भिंत महिन्याला एक इंच वाळते. दोन्ही बाजू मोकळ्या असतील, तर नऊ इंची भिंतीला साडेचार महिने. हे योग्य हवेचे झाले. कोकणातील श्रावण आणि भाद्रपद त्या हिशेबात धरता येत नाहीत.

आणि नेमका येथेच खरा पेच उभा राहतो. २०२१ साली गणेशचतुर्थी होती १० सप्टेंबरला, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशी. कोकणातील घराला गणपतीपूर्वी रंग लागलाच पाहिजे. मुंबईहून चाकरमानी येणार, आरतीला वाडी जमणार, आणि ज्या घराने नुकतेच एवढे सोसले ते त्या दिवशी तरी उजळ दिसावे अशी घरच्या बाईची इच्छा असणार. या इच्छेत चुकीचे काहीच नाही. परंतु पन्नास दिवसांच्या भिंतीवर सिमेंटचा नवा गिलावा आणि त्यावर तकतकीत रंग चढविला, म्हणजे पाणी आत कोंडले जाते. रंगाचा पापुद्रा पाण्याला बाहेर पडू देत नाही. ते वाट शोधत वर चढते किंवा दुसऱ्या बाजूला फुटते. दिवाळीपर्यंत फुगे येतात, शिमग्यापर्यंत पोपडे पडतात. मग दोष रंगाला दिला जातो, रंगाऱ्याला दिला जातो, आणि पुन्हा रंग काढला जातो. पुरात एकदा गेलेला पैसा असा दुसऱ्यांदा जातो.

यावर जुन्या लोकांचा तोडगा होता तो चुन्याचा. चुन्याची सफेदी भिंतीचा श्वास कोंडीत नाही. ओल तिच्यातून निघून जाते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीलाही तो मानवत नाही. गणपतीसाठी चुन्याचा हात द्यावा आणि रंगाचे काम पुढल्या फेब्रुवारीपर्यंत ठेवावे, हा कमीपणा नसून शहाणपणाचा व्यवहार आहे. भिंत वाळली की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी उघडावा. आतल्या बाजूस दंव साचले असेल किंवा भिंत काळवंडली असेल, तर रंगाऱ्याला परत पाठवावे.

पहिल्या दिवसांतील कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. घराचा वीजपुरवठा मुख्य खटक्यावर बंद असल्याची खात्री केल्यावाचून ओल्या घरात पाऊल टाकू नये. नुकसानीचा पंचनामा किंवा विम्याचा दावा व्हावयाचा असेल, तर काही हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. चिखल ओला आहे तोवरच काढावा. वाळलेला चिखल दगडासारखा होतो आणि त्याची धूळ श्वासात जाते. पुराच्या पाण्यात सांडपाणी आणि उंदीरघुशींचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिसचा ताप अशाच पाण्याने पायांच्या जखमांवाटे येतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे ही चैन समजू नये. गाद्या, उशा आणि भुशाच्या फळ्यांचे कपाट वाचविण्याच्या नादी लागू नये. ओलीत बुरशी धरण्यास एक ते दोन दिवस पुरतात, आणि गादीच्या पोटात गेलेली बुरशी उन्हानेही जात नाही. सागवानी पेटी किंवा फणसाचा पाट मात्र धुऊन, सावलीत सावकाश वाळवून पुष्कळदा पूर्ववत होतो. भिंतीचा खालचा भिजलेला सिमेंटी गिलावा सुटू लागला असेल, तर तो खरवडून भिंत उघडी करावी. उघडी भिंत दिसते वाईट, पण वाळते लवकर.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या काही दिवसांत घरातील हवा बाहेरच्याहून अधिक ओली असते, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे लावावेत. पंखा पाणी काढीत नाही. भिंतीला चिकटून असलेला तृप्त हवेचा थर तेवढा हलवितो. पुढे आतली आणि बाहेरची हवा सारखीच झाली, म्हणजे उघड्या खिडकीचा उपयोग संपतो. तेथून यंत्राचे काम सुरू होते. डीह्यूमिडिफायर नावाचे हे यंत्र खोलीतील हवा थंड नळ्यांवरून नेते, तिच्यातील वाफेचे पाणी करून तळाच्या डब्यात साठविते आणि कोरडी, किंचित ऊबदार हवा परत सोडते. ते चालू असताना दारेखिडक्या घट्ट लावाव्या लागतात, नाहीतर ते बिचारे साऱ्या अरबी समुद्राची हवा वाळवीत बसेल.

परदेशांत या कामाचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अमेरिकेत त्याची लिखित संहिता १९९४ साली प्रसिद्ध झाली. नळ फुटून आलेले स्वच्छ पाणी, मोरीतले मळके पाणी आणि पुराचे दूषित पाणी असे तीन वर्ग तिने केले आणि प्रत्येक वर्गासाठी काय ठेवावे, काय टाकावे हे सांगितले. तेथील कारागीर दोन सुयांचे मीटर भिंतीत व लाकडात टोचून रोज ओल मोजतो आणि आकडा उतरला म्हणजेच काम संपले असे म्हणतो. कोकणात हे काम गवंडी, सुतार, वायरमन आणि रंगारी यांच्यात वाटले जाते. प्रत्येकजण आपल्या हुन्नरात तरबेज असतो, पण भिंतीतल्या तीस बादल्यांचा हिशेब त्यांच्यापैकी कोणाकडेच नसतो. सरकारी मदतीच्या निकषांतही घराच्या अंशतः नुकसानीसाठी किमान पंधरा टक्के पडझडीची अट आहे. उभी राहिलेली पण चिंब भिंत त्यात सहसा बसत नाही.

खाडीकाठच्या घरांना आणखी एका गोष्टीचे भय असते, ते मिठाचे. खारे पाणी भिंतीत शिरले, तर पाणी निघून गेल्यावरही मीठ मागे राहते. हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. म्हणून अशी भिंत वाळली तरी दर पावसाळ्यात पुन्हा घाम फुटल्यासारखी ओली होते, आणि हिवाळ्यात तिच्यावर लोणा फुलतो. तो फोडणीच्या हिंगासारखा भुरभुरत गळत राहतो आणि त्याबरोबर भिंतीचा गिलावाही. म्हणून खारे पाणी शिरलेली भिंत वाळू देण्यापूर्वी गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावी. ओल्या भिंतीवर आणखी पाणी ओतणे विपरीत वाटेल, परंतु मीठ विरघळलेले आहे तोवरच ते निघते. लोणा आलाच तर कोरड्या कुंचल्याने झाडून घरातून बाहेर टाकावा. ओल्या फडक्याने पुसल्यास तो परत भिंतीत जातो.

कागदांविषयी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झाले; २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी त्याच्या ग्रंथसंग्रहाचे नुकसान केले. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर आला, तेव्हा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाची असंख्य पुस्तके तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळविण्यात आली. त्या आपत्तीनंतर ग्रंथरक्षणाचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले आणि भिजलेली पुस्तके गोठवून ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आणि वाळविण्यासाठी सवड मिळते. घरगुती प्रमाणातही हे करता येते. जमिनीचे खत, मुलांची प्रमाणपत्रे आणि लग्नाचे फोटो भिजले, तर पाने ओढून वेगळी करू नयेत आणि कडक उन्हातही टाकू नयेत. चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, मेणकागदात गुंडाळून, वीज असलेल्या एखाद्या आप्ताच्या घरी बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. मग एकेक काढून, कोऱ्या टीपकागदांच्या घड्यांत सावकाश वाळवावेत.

सर्वांत शेवटी हात लावावयाचा तो दारांना. पुरानंतर दारे फुगतात, चौकटीत अडकतात, आणि पहिल्याच आठवड्यात सुताराला बोलावून कडेवर रंधा मारून घेतला जातो. दार मोकळे होते, घरातील माणसे सुटकेचा श्वास सोडतात. पण लाकूड पाण्याने फुगलेले असते, वाढलेले नसते. जानेवारीत कोरडी हवा सुटली की ते मूळ मापावर येते, आणि ज्या दाराची कड जुलैमध्ये तासली त्याच्या फटीतून बोट आरपार जाते. तोवर दार अडकत असेल तर अडकू द्यावे. फार तर बिजागरीचे स्क्रू सैल करून ते उतरवून, भिंतीला न टेकविता ओटीवर आडवे ठेवावे आणि खाली दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे खालूनही वारा लागेल आणि फळी वाकणार नाही.