हिरव्या कड्यावरचे चार रविवार

हॅम्बुर्गमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम साडेसात तासांचा. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठ वाजून गेले तरी पुरतं उजाडत नाही. याच शहराच्या कडेला, हॉर्न या भागात, योहान हिन्रिख विखर्न या पंचवीस वर्षांच्या लूथरपंथीय तरुणाने १८३३ साली ‘राउहेस हाउस’ ही संस्था सुरू केली. शहरातल्या दरिद्री वस्त्यांमधली, कुणाला नकोशी झालेली मुलं तो तिथे आणत असे. मुलं लहान लहान गटांत, कुटुंबासारखी राहत. शिकत आणि हातकाम करत. नाताळ जवळ आला की ‘अजून किती दिवस?’ हा त्यांचा धोशा सुरू होई, असं सांगतात.

विखर्नने १८३९ मध्ये या प्रश्नाचं उत्तर छताला टांगलं. एक मोठं लाकडी कडं, त्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस छोट्या लाल मेणबत्त्या. त्या वर्षी १ डिसेंबर रविवारी आला होता, त्यामुळे २४ तारखेपर्यंतचा हिशेब नेमका जुळला: रविवारी मोठी मेणबत्ती, इतर दिवशी छोटी. रोजच्या प्रार्थनेला एक ज्योत वाढायची. ज्यांनी अक्षर-आकड्यांचं तोंड उशिरा पाहिलं, त्या मुलांनाही किती दिवस उरले ते नजरेनेच कळत होतं.

आज जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ दिसणारं चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं, म्हणजे अ‍ॅडव्हेंट रीथ, या लाकडी कड्यातून आलेलं आहे. ख्रिस्तपूर्व जर्मन टोळ्या हिवाळ्यात पेटती चाकं फिरवत, हे कडं त्याचाच अवशेष, असं अनेक पुस्तिकांत छापलेलं असतं. त्याला भक्कम आधार नाही. लोकसंस्कृतीचे जर्मन अभ्यासक हेर्मान बाउझिंगर यांनी तर एखादी प्रथा कशी पसरते याचं उदाहरण म्हणून हे कडं अभ्यासाला घेतलं. १८६० च्या सुमारास लाकडावर सदाहरित फांद्या आल्या. घराघरांत चोवीस मेणबत्त्या मावेनात, म्हणून रविवारच्या चारच उरल्या. उत्तर जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांमधून ही रीत हळूहळू दक्षिणेकडे सरकली. कॅथलिक चर्चमध्ये हे कडं पहिल्यांदा लागलं ते कोलोनमध्ये, १९२५ साली. १९३० मध्ये म्युनिकला.

या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. १५१७ पासून दुभंगलेल्या जर्मन ख्रिस्ती समाजात एका लूथरपंथीयाची कल्पना कॅथलिक वेदीपाशी पोचली, आणि तीही कुठल्या धर्मपरिषदेच्या ठरावाने नव्हे. आयांनी, शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी ती नेली. धर्मपीठाची मान्यता मागाहून आली. अमेरिकेतल्या कॅथलिक धर्मसभेच्या १९८९ च्या आशीर्वाद-विधींच्या पुस्तकात या कड्यासाठी स्वतंत्र विधी आहे, आणि घरात हा आशीर्वाद आई किंवा वडीलही देऊ शकतात. चर्चमध्ये कडं सगळ्यांना दिसेल एवढं मोठं असावं, पण त्याने वेदी झाकली जाऊ नये, असंही तिथे सांगितलं आहे.

ज्या पर्वासाठी हे कडं आहे, तो आगमनकाळ, म्हणजे अ‍ॅडव्हेंट, मात्र खूप जुना. नाताळाआधीच्या चार रविवारांचा. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो, १७ पासून तो बेथलेहेमकडे वळतो. धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही. तिसरा रविवार तेवढा आनंदाचा. त्या दिवशी गुलाबी वस्त्रं चालतात. म्हणून परंपरेने तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी. चारही जांभळ्या किंवा पांढऱ्या चालतात. जर्मन घरांत बहुधा लालच असतात. चौथा आठवडा दरवर्षी सारखा नसतो. २०२२ मध्ये नाताळ रविवारी आल्याने तो पूर्ण सात दिवसांचा होता, तर २०२३ मध्ये चौथी मेणबत्ती सकाळी लागली आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा झाली.

आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं या मेणबत्त्यांना देण्याची पद्धत आता फार रूढ आहे. मुलांना शिकवायला ती ठीक. पण अर्थ या नावांत शोधू नये असं मला वाटतं. व्हॅटिकनने २००१ मध्ये लोकभक्तीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिने या कड्याचा अर्थ अधिक खोल लावला आहे: ख्रिस्तापूर्वीच्या दीर्घ रात्रीत संदेष्ट्यांच्या वाणीने टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला उजेड. चौथ्या रविवारी कडं नीट पाहावं. पहिली मेणबत्ती बुडाशी आलेली असते, चौथी जवळपास अख्खी. वाट पाहण्यात किती काळ गेला, ते त्या चार उंच्यांवर दिसतं.

आपल्याकडे वसई आणि गोव्यात कॅथलिक धर्म सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर रुजला. हे कडं मात्र वसईत त्यांनी आणलेलं असणं शक्य नाही. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला तो १७३९ साली, विखर्नच्या कड्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. कोकण किनाऱ्यावर ना फरची झाडं, ना चार वाजता पडणारा अंधार. तरी या कड्याची गरज इथे कमी नाही. नोव्हेंबर सरण्याआधीच मॉलमध्ये सांताक्लॉज उभा राहतो, गाणी वाजू लागतात आणि नाताळ यायच्या आधीच शिळा होतो. हे कडं घाई करू देत नाही. दुसऱ्या रविवारी तिसरी मेणबत्ती लावता येत नाही. फांद्या परदेशी झाडाच्याच हव्यात असा नियम नाही, अंगणात जे हिरवं टिकेल ते चालावं. प्लॅस्टिकची पानंही मी समजू शकते. बॅटरीवरच्या मेणबत्त्यांना मात्र माझा विरोध आहे, कारण त्या झिजत नाहीत. मेणाचीच लावावी, रात्रीच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेला, मोठं माणूस जवळ असताना, आणि जेवण आटोपलं की विझवावी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत फांद्या वाळलेल्या असतात आणि झटकन पेट घेतात.