काट्यावरचा संगणक मधेच का थांबतो?



ऐन गळितात काटा थोडा वेळ जरी थांबला, तरी गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. बैल उन्हात तिष्ठतात, ऊस वाळतो, वजनात घट येते. ती घट कुणाच्या पदरात पडते हे आम्ही सांगायला नको. गट सभांतून विचारणा झाली की, “साहेब, काटा धडधाकट आहे, मग संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू का होतो?” म्हणून हा खुलासा.

भरलेल्या व मोकळ्या गाडीचे वजन सर्व्हर नावाच्या मुख्य संगणकात जमा होते. बिल त्यावरूनच निघते. त्यावरील विंडोज प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. दुरुस्ती बसली की बहुधा संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. कचेरीला रात्र मोकळी, पण आपल्याकडे रात्रपाळी! ‘या वेळेत नको’ असे संगणकाला सांगता येते, पण ते जास्तीत जास्त १८ तास. गाळप तर २४ तास चालते.

उपाय अवघड नाही. सर्व्हरवर ‘एसकॉन्फिग’ उघडून अपडेटच्या कलमात ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडायचे. किंवा ग्रुप पॉलिसीमधील ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’मध्ये क्रमांक २ ठेवायचा, म्हणजे संगणक आधी विचारतो. आम्हांला दुसरा मार्ग बरा वाटतो. निदान दुरुस्ती आल्याचे कळते तरी. काट्याच्या खिडकीतल्या संगणकालाही हेच करावे लागते. तिथे विंडोजची होम आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीची सोयच नसते, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

काही जण म्हणतील, मग दुरुस्त्या कायमच्याच बंद करा की! तसे करून चालणार नाही. मार्च २०१७ मध्ये कंपनीने एक दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, अशा असंख्य संगणकांतील फायली त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी दवाखानेही त्यात अडकले. आपल्या वजनांच्या नोंदी अशा अडकल्या तर बिले कशावरून काढायची?

उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष फायलीने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले, विमाने खोळंबली. ती फाइल विंडोजच्या अपडेटमधून आलेली नव्हती. म्हणून काट्याचे सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, प्रत्येकाच्या पुरवठादाराला वेगळे विचारावे लागते.

तेव्हा हंगामात आपोआप काही बसू द्यायचे नाही. साफसफाईसाठी गाळप बंद असेल त्या दिवशी आधी नोंदींची प्रत काढून घ्यायची, मग दुरुस्ती बसवायची आणि एक गाडी तोलून पावती निघते का ते पाहायचे. एवढ्यावरही संगणक अडला तर काट्यावरून हातपावती मागून घ्यावी, आणि तीवरचे वजन बिलाशी ताडून पाहावे.