वंशावळीत लेकी कुठे आहेत?

वहीतला वंश

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांना मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही उघडून आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी गावोगाव फिरून घराण्याच्या पिढ्या सांगतात. हा ठेवा मोलाचा आहे, पण त्याचा धागा बापाकडून मुलाकडे जातो. लेक सासरी गेली की तिची शाखा तिथेच थांबते. जातपडताळणीलाही मुख्यतः वडिलांकडचेच पुरावे लागतात.

शरीरातला वंश

निसर्गाला सासर-माहेर ठाऊक नाही. प्रत्येक अपत्याला आईकडून 23 आणि वडिलांकडून 23 गुणसूत्रं मिळतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आई सगळ्या मुलांना देते, पण पुढच्या पिढीला तो लेकीच देतात. दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या 1024 जागा होतात आणि बापाच्या बापाच्या वाटेने भेटणारा पुरुष त्यांत एकच असतो. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरात तर मुलांना पणजोबा-पणज्या आठऐवजी सहाच असतात.

कायद्यातला वंश

हिंदू कायद्यातल्या मिताक्षरा परंपरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क होता, मुलीला नव्हता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही ही रचना मोडली नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना हा हक्क दिला, मात्र आधीच लग्न झालेल्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित लेकीही मुलांच्या बरोबरीला आल्या. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटपं मात्र कायम राहिली.

दत्तकाचा नियम मला सर्वांत बोलका वाटतो. दत्तकविधान झालं की मूल वारसाहक्कापुरतं पूर्णपणे नव्या घरचं होतं. पण जन्मघरच्या ज्या नात्यात त्याचं लग्न निषिद्ध होतं, ते नंतरही निषिद्धच राहतं. मालमत्तेसाठी रक्त बाजूला ठेवणारा कायदा लग्नाच्या वेळी तेच रक्त मोजतो.

वारसनोंदीच्या वेळी

वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वंशावळ देताना बहिणींची नावं गाळणं चूक आहे. हक्क सोडायचा की नाही, हे बहिणीने ठरवायचं. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्राची वाट आहे. तोवर अर्जात प्रत्येक बहिणीचं नाव लिहा, लग्न झालेलं असो वा नसो.