पावसाचे आडाखे आणि गणिताची कसोटी

कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या फांदीवर बांधले यावरून पावसाचा आडाखा बांधणारा शेतकरी आणि आकडेमोड करून तोच आडाखा बांधणारा हवामानशास्त्रज्ञ यांच्यात वाटते तितके अंतर नाही. दोघेही मागील वर्षांच्या अनुभवावरून पुढचे सांगतात. खरा भेद अनुभवाच्या पडताळणीत आहे.

हिमालयावर बर्फ फार पडले की मोसमी पाऊस कमी पडतो, या निरीक्षणाचा मुख्य आधार घेऊन भारतीय हवामान खात्याने १८८६ साली पावसाचा पहिला अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध केला. १९०४ साली खात्याची धुरा केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. त्यांनी दूरदूरच्या देशांतील हवेच्या दाबाच्या नोंदी जमवून त्यांचा आपल्या पावसाशी सहसंबंध तपासला व त्यावरून समाश्रयणाची सूत्रे तयार केली. समाश्रयण म्हणजे पावसाळ्यापूर्वी कळणाऱ्या निरनिराळ्या घटकांना असे वजन द्यावयाचे, की सूत्राने काढलेला पाऊस आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांतील तफावत एकंदरीत कमीत कमी राहावी.

येथेच फसगत होण्याचा संभव असतो. पावसाशी काडीचाही संबंध नसलेले शंभर घटक तपासले, तरी विसांत एक या हिशेबाने त्यांतील पाचएक केवळ योगायोगाने संबंधित भासतील. त्या पाचांचीच निवड करून सूत्र रचले, तर ते गतकाळाशी छान जुळेल आणि पुढे हमखास दगा देईल. घटकांची संख्या वर्षांच्या संख्येइतकी वाढविली, तर जुळणी अगदी तंतोतंत होते; तिची किंमत मात्र शून्य! पुष्कळांतून निवडलेला सर्वांत मोठा सहसंबंध निराळ्याच कठोर मापाने तोलला पाहिजे, हे वॉकर यांनी १९१४ सालीच दाखवून दिले होते.

१९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे सूत्र वापरात आले. २००१ पर्यंत सलग चौदा वर्षे देशाच्या एकूण पावसाने मोठी ओढ दिली नाही, आणि सूत्राचा लौकिक वाढला. परंतु त्या काळात दरवर्षी ‘पाऊस ठीक पडेल’ एवढेच कोणी म्हटले असते, तरी तो बहुधा खोटा ठरला नसता. २००२ साली अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता. पडला ८१ टक्के. ऐन जुलैत पाऊस निम्म्यावर आला आणि पेरण्या वाया गेल्या. सोळांपैकी काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध दरम्यान क्षीण झाला होता. २००३ साली ते सूत्र बदलून आठ व दहा घटकांची नवी सूत्रे आली.

म्हणून सूत्र रचताना काही वर्षे बाजूला राखून ठेवावी लागतात. त्यांच्याकडे घटक निवडतानाही पाहावयाचे नाही. डोकावून पाहिले की ती परीक्षा राहत नाही, पाठांतर होते. मग सूत्राने त्या वर्षांचा पाऊस सांगावा आणि ‘दरवर्षी सरासरीइतका’ या साध्या आडाख्यापेक्षा तो अधिक बरोबर येतो का, हे ताडून पाहावे. यात जी चूक राहते, तिच्यावरूनच अंदाजाशेजारी छापलेली ‘पाच टक्के कमी-अधिक’ यासारखी मर्यादा ठरते.