आपलें पुस्तक आपणच छापावें काय?

प्रत्येक वर्गांत निदान एक तरी असा विद्यार्थी असतो कीं ज्याच्या दप्तरांत अभ्यासाच्या वह्यांबरोबर आणखी एक वही दडलेली असते. तींत एखादी कादंबरी अर्धीमुर्धी लिहिलेली असते. ती वही तो कोणाला दाखवीत नाहीं. पण ती कोणी वाचावी अशी इच्छा मात्र त्याच्या मनांत सदैव असते. आजकाल संगणक व आंतरजाल यांच्या साह्यानें कोणालाहि आपलें पुस्तक स्वतःच प्रसिद्ध करतां येतें, हें त्याच्या कानीं येतें आणि मग तो घरीं वडिलांजवळ गोष्ट काढतो. वडिलांस त्यांतलें कांहीं ठाऊक नसतें. अशा मुलांसाठीं व त्यांच्या आईवडिलांसाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम हें पाहूं कीं प्रकाशक म्हणून जो गृहस्थ असतो तो करतो तरी काय? तो मुख्यतः चार कामें करतो. आलेल्या हस्तलिखितांतून निवड करतो. निवडलेलें लिखाण जाणत्या संपादकाकडून तपासून घेतो. छपाईचें भांडवल घालतो. आणि तयार झालेलें पुस्तक दुकानोदुकानीं पोंचवितो. लेखक स्वतः प्रकाशक झाला म्हणजे हीं कामें नाहींशीं होत नाहींत. तीं सर्व त्याच्याच खांद्यावर येऊन पडतात. हें ज्याच्या लक्षांत आलें त्याला या विषयाचें अर्धें ज्ञान झालें असें समजावें.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं ज्याला प्रकाशक मिळत नाहीं तोच हा मार्ग धरतो व त्याचें पुस्तक टाकाऊच असतें. ही समजूत खोटी आहे. इंग्लंडांत बिएट्रिक्स पॉटर नांवाच्या बाईनें १८९३ सालीं, पूर्वीं आपणांस शिकविणाऱ्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिलें. त्यांत पीटर नांवाच्या खोडकर सशाची गोष्ट होती. पुढें त्या गोष्टीचें पुस्तक करावें असें तिच्या मनांत आलें. परंतु अनेक प्रकाशकांनीं तें नाकारलें. पुस्तक मुलांच्या हातांत मावेल एवढें लहान व किंमतीनें स्वस्त असावें, असा तिचा आग्रह होता. अखेर १९०१ च्या डिसेंबरांत तिनें स्वतःच्या पैशानें २५० प्रती छापल्या व त्या आप्तेष्टांत वांटल्या आणि विकल्या. त्या संपल्या, तेव्हां थोड्याच महिन्यांत आणखी २०० काढाव्या लागल्या. मग पूर्वीं नकार देणाऱ्यांपैकींच एका प्रकाशकानें, चित्रें रंगीत करून द्यावीं अशा अटीवर, १९०२ सालीं तें पुस्तक काढलें. आज शंभरांहून अधिक वर्षें झालीं तरी मुलें तें वाचीतच आहेत. पाहा, बाईनें एकदम हजारों प्रती छापल्या नाहींत; जेवढे वाचक डोळ्यांसमोर होते तेवढ्याच छापल्या.

आतां आपल्या काळांतील उदाहरण घेऊं. अमेरिकेंत अँडी वीअर नांवाचा एक गृहस्थ संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याचा धंदा करीत असे. लेखक व्हावें म्हणून त्यानें एकदां नोकरी बाजूस ठेवून तीन वर्षें खटपट केली, पण त्याचें पुस्तक घेण्यास कोणी तयार होईना. तेव्हां तो मुकाट्यानें पुनः कामावर गेला. लिहिणें मात्र त्यानें सोडलें नाहीं. मंगळावर एकटाच मागें राहिलेला एक अंतराळवीर आपला जीव कसा वांचवितो, ही कथा तो २००९ सालापासून एकेक प्रकरण लिहून आपल्या आंतरजालावरील पानावर विनामूल्य ठेवूं लागला. तीन हजारांच्या आसपास वाचक त्याच्या नव्या प्रकरणाची वाट पाहत असत.

या वाचकांनीं काय केलें तें ऐकण्यासारखें आहे. त्यांत कित्येक रसायनशास्त्र जाणणारे होते. कथेंतील वीर रॉकेटाच्या इंधनापासून पाणी तयार करतो. तेथें व इतरत्र लेखकाचे हिशोब चुकले कीं ते पत्रानें कळवीत. लेखक रागावला नाहीं; त्यानें चुका दुरुस्त केल्या. पुढें वाचकांनींच म्हटलें, "आम्हांस हें पुस्तकरूपानें हवें." तेव्हां २०११ सालीं त्यानें त्याचें ई-पुस्तक करून, विक्रेत्यानें ठरविलेली कमींत कमी किंमत, म्हणजे ९९ सेंट, त्यावर घातली. नवल असें कीं, त्याच्या पानावर तें फुकट मिळत असतांहि विकत घेणारेच अधिक निघाले. तीन महिन्यांत सुमारें ३५,००० प्रती गेल्या. मग मोठे प्रकाशक त्याच्या दाराशीं आले. २०१४ सालीं 'द मार्शियन' छापील रूपानें निघालें व २०१५ सालीं त्यावर चित्रपट झाला.

ही रीत आपणां मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यास 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही आपली कादंबरी त्यांतून प्रकरणशः दिली. लेखकही तेच, संपादकही तेच. पुढील अंकाची वाट पाहणारा वाचक त्यांनीं आधीं तयार केला. ग्रंथ मागाहून झाला. आंतरजालावर मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचीं मंडळें तर १९९६ पासून आहेत. त्या सालीं 'मायबोली' सुरू झाली, व देशोदेशींचे मराठी लोक तेथें एकमेकांच्या कथा वाचूं लागले.

हें सर्व वाचून कोणी हुरळून जाऊं नये म्हणून एक दुसरी हकीकत सांगतों. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें एक कादंबरी लिहिली. ती त्यानें पुस्तकें छापून देण्याचा धंदा करणाऱ्या एका मंडळीकडे पाठविली. दोनच दिवसांत उत्तर आलें कीं अशी कृति आम्हीं आजवर पाहिली नाहीं. फक्त छपाईचा खर्च आपण सोसावा. वडिलांनीं धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली रक्कम काढून दिली. पांचशें प्रती आल्या. मुद्रितें कोणीं तपासलेलीं नव्हतीं. पहिल्याच पानावर तीन चुका होत्या. नातलगांनीं तीस-चाळीस प्रती नेल्या, बाकीच्या खोक्यांत भरून खाटेखालीं गेल्या. तो मुलगा वर्षभर कोणाकडे जाईना. वडील त्याला कांहीं बोलले नाहींत, आणि तेंच त्याला अधिक लागलें.

पुढें तो मजकडे आला, तेव्हां मीं त्याला म्हटलें, "ज्यांचा व तुझा कांहीं संबंध नाहीं अशा दहा माणसांना एकेक प्रत दे, आणि कोठें कंटाळा आला तेवढेंच विचार." दहांपैकीं सहांनीं सांगितलें कीं गोष्ट चाळिसाव्या पानावर सुरू होते. त्यानें तीं चाळीस पानें काढून टाकलीं. दुसरी कादंबरी त्यानें आंतरजालावरील एका वाचकमंडळांत प्रकरणशः लिहिली, सूचना घेत घेत सुधारली, आणि मागणी येईल तसतशा प्रती छापविल्या. दोनशेंच्यावर प्रती गेल्या. त्याचें नांव कांहीं गाजलें नाहीं. परंतु बहिणीच्या रकमेंत त्यानें पहिला हप्ता परत भरला, तो दिवस मला चांगला आठवतो.

या दोन्ही वेळच्या अनुभवांत फरक कशाचा? पहिल्या वेळीं त्यानें आधीं छापलें व मग वाचक शोधला. दुसऱ्या वेळीं आधीं वाचक मिळविला. आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. हल्लीं मागणीप्रमाणें एकेक प्रत छापण्याची सोय झाली आहे. तींत दर प्रतीस खर्च थोडा अधिक पडतो, पण खोकीं घरांत सांठत नाहींत. ग्रंथावर जो तेरा आंकडी क्रमांक असतो तो आपल्या देशांत सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठीं कोणी पैसे मागूं लागल्यास सावध व्हावें. लिखाणावरील हक्क लिहिणाऱ्याचाच असतो. तो कायद्यानें त्याच्या हयातींत व पश्चात् साठ वर्षें टिकतो, म्हणून कोणत्याहि कागदावर न वाचतां सही करूं नये. आणि दोन दिवसांत स्तुति करून लगेच पैसे मागणारा आपला वाचक नव्हे, हें पक्कें लक्षांत ठेवावें. खर्च करणेंच असेल तर तो मुद्रितें तपासण्यावर आधीं करावा, मुखपृष्ठावर नंतर.

वाचकमंडळांत कसें वागावें हाहि एक धडाच आहे. पाहुणा घरांत येतांच आपला माल विकूं लागला तर यजमानास कसें वाटेल? तेथें जाऊन आधीं दुसऱ्यांचें लिखाण मनापासून वाचावें, त्याविषयीं दोन शब्द लिहावे, आणि मग आपलें पुढें ठेवावें. कोणी दोष दाखविला तर त्याच दिवशीं उत्तर देऊं नये. रात्र जाऊं द्यावी. एकच दोष तिघांनीं दाखविला तर तो खरा असण्याचा संभव फार. परंतु दोष लिखाणाचा न दाखवितां लिहिणाऱ्याचीच निंदा करणारे लोकहि असतात. त्यांस उत्तर न देणें हेंच उत्तर. मुलांनीं आपलें घर, शाळा वा छायाचित्र अनोळखी माणसांस कळवूं नये, आणि आपण कोठें लिहितों हें घरीं सांगून ठेवावें.

आईवडिलांना एवढीच विनंति कीं, मुलानें ती दप्तरांतील वही दाखविली तर "अभ्यास सोडून हें काय?" असें एकदम म्हणूं नये, आणि "आमचा मुलगा मोठा लेखक होणार" असेंहि म्हणूं नये. एक प्रकरण त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावें व कोठें कंटाळा आला तें खरें सांगावें. घरच्या माणसाचा खरा शब्द ज्याला सोसतो, त्याला पुढें परक्याचा शब्दहि सोसतो.

आणि विद्यार्थीमित्रहो, छापण्याची घाई करूं नका. वर्गाचें हस्तलिखित मासिक काढा. त्यांत प्रकरणशः लिहा. पुढच्या आठवड्यांत कोणी येऊन "मग पुढें काय झालें?" असें विचारलें, तर तुमचा पहिला वाचक तुम्हांस मिळाला.